ट्रेमधली तांबी

एकट्या बाईला मोठ्यानं बोलायची सवय लागते. भाजी निवडताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, टीव्हीवरच्या बाईला "अगं गप की जरा" म्हणताना — दिवसभर माझं तोंड चालू असतं. पण आता जे सांगणार आहे ना, ते मी मोठ्यानं कधी बोललेले नाही. भिंतीशीसुद्धा नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही ह्या जागेशी आले की वळसा घालून पुढे जाते. तुम्हाला का सांगतेय? काय माहीत. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

मी आरोग्यसेविका होते. म्हणजे गावातल्या उपकेंद्रातली नर्स. हातखंब्याहून आत वळलं की तासाभरावर ते गाव — नाव नाही सांगत. एसटी दिवसातून दोनदा. उपकेंद्राच्या मागेच माझी खोली. लग्न केलं नाही मी. म्हणजे झालं नाही, आता खरं बोलायला बसलेच आहे तर. वडील पोफळीच्या वीजघरात होते, तिथल्या कॉलनीत मी वाढले. ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडली, आई गेली, ते गेले — मला "घरी जाते" म्हणायला जागा उरली नाही. सुट्टी लागली की बाकीच्या सिस्टर बॅगा भरायच्या आणि मी रजिस्टर पूर्ण करत बसायची.

आणि मग सुगंधा.

शेजारचंच घर. मी रुजू झाले त्याच आठवड्यात ती कुंपणावरून तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि वाटीभर सुकटीचं कालवण घेऊन आली. "बाय, एकटीसाठी कशाला चूल पेटवतेस?" मी चाळिशीची, ती पंचविशीची, पण ती मला पहिल्या दिवसापासून बायच म्हणाली. गावाला मी सिस्टर, तिला बाय. सांगू? त्या एका शब्दावर मी वीस वर्षं काढली.

तिचा नवरा दत्ताराम मुंबईत कंपनीत. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, मे महिन्यात आठ दिवस. आमच्या गावातली बहुतेक घरं अशीच. म्हणून श्रावण लागला की उपकेंद्रात बायकांची रांग लागायची — "सिस्टर, गणपतीआधी तांबी बसवून द्या." तांबी म्हणजे कॉपर-टी हो. सासू मागच्या पडवीत, नवरा मुंबईच्या गाडीत, आणि ह्या इकडे माझ्या टेबलावर, तोंडात पदर धरून. हसायच्याही खूप. मीही हसायची. माझा हात हलका अशी ख्याती होती. शेजारच्या गावच्या बायका आपली नर्स सोडून माझ्याकडे यायच्या, आणि मला त्याचा ताठा होता. होता म्हणजे काय — चांगलाच होता.

तांबीला खाली दोरा असतो. तो बोटाला लागला पाहिजे, म्हणजे पुढे काढता येते. किती लांब ठेवायचा ते ट्रेनिंगला शिकवलेलं असतं. मी तो आखूड कापायची. बायका तक्रार करायच्या, नवऱ्याला टोचतो म्हणून. एकदोघींनी सांगितलं आणि मी तीच सवय करून टाकली. कुणी विचारलं तर म्हणायची, मला नका शिकवू, शेकड्यांनी बसवल्यात.

सुगंधाची बसवली तेव्हा तिची मुलगी पमी वर्षाची होती. दत्तारामला माहीत होतं; त्यानंच सांगितलं होतं, चार वर्षं थांबू म्हणून. चार वर्षं झाली. पमी शाळेत जायला लागली. एका सकाळी सुगंधा हसत आली — "बाय, आता काढ गो ती. गणपतीक हे येतायत."

टेबलावर घेतली. दोरा नव्हता.

तुम्हाला वाटेल ह्यात काय एवढं? खरंच, काहीच नव्हतं! असं होतं. दोरा वर सरकतो, कधी तांबी आपोआप पडूनही जाते. अशा वेळी चिठ्ठी द्यायची, रत्नागिरीला पाठवायचं, सोनोग्राफी होते, मोठे डॉक्टर काढतात. एका दिवसाचं काम. पण चिठ्ठीवर लिहायला लागलं असतं की दोरा सापडत नाही. आणि आमचे नवे मेडिकल ऑफिसर आधीच माझ्यावर टपलेले. दोन बायकांच्या वेळी त्यांनी विचारलंच होतं, सिस्टर, दोरे कोण कापतं? तिसरी चिठ्ठी गेली असती तर सगळ्यांसमोर माझी शोभा झाली असती. माझी! जिचा हात हलका!

मी चिमटा घेऊन उगाच थोडं इकडेतिकडे केलं. सुगंधा डोळे मिटून पडलेली. "झालं?" म्हणाली. मी म्हटलं, "झालं." अजूनही वेळ होती. मागाहून हळूच म्हणता आलं असतं की एकदा शहरात तपासून ये. पण ती उठून बसली, साडी सारखी केली आणि म्हणाली, "बघू तरी, कशी असते."

तासाभरापूर्वी मी दुसऱ्या एका बाईची काढली होती. ती ट्रेमध्ये तशीच पडलेली. तांब्याची तार काळपट झालेली, खाली दोरा.

मी ट्रे उचलला आणि तिच्यापुढे धरला. "ही बघ."

तिनं वाकून बघितली. "एवढीशी?" म्हणाली आणि हसली.

हे पहिलं. लोक म्हणतील, हेच सगळ्यात वाईट. नाही. थांबा जरा.

त्या गणपतीला काही झालं नाही. शिमग्याला नाही. पुढच्या वर्षी नाही. मी मनाशी म्हणत होते — पडून गेली असेल. नक्कीच पडली असेल. बायकांना कळतही नाही कधीकधी. पण दर गणपतीनंतर महिनाभर मी तिच्या तोंडाकडे बघत राहायची, तिला उलटी होते का, आंबट खावंसं वाटतं का. आणि ती कुंपणाशी येऊन मान हलवायची. नाय गो बाय, ह्या टायमालाव नाय.

एकदा ती म्हणाली, रत्नागिरीला दाखवू या का एखाद्या डॉक्टरीणबाईंना? मी म्हटलं, "कशाला? एक झालंय ना तुला, दुसरं होईलच. तो वर्षातून महिनाभर येतो, त्याला डॉक्टर काय करणार?" आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. कॅलेंडरवर तारखांना खुणा करून दिल्या. तिनं त्या खुणा देवासारख्या पाळल्या. मी बोलते आणि ती ऐकते, असंच होतं आमचं.

का नाही सांगितलं तेव्हा? आता मेडिकल ऑफिसरही बदलून गेले होते. भीती नोकरीची नव्हती. सांगितलं असतं तर ती कुंपणाशी आली नसती, एवढंच. संध्याकाळी बाय म्हणून हाक आली नसती. मला दुसरं कोण होतं? तिचं मूल एका बाजूला आणि माझी संध्याकाळ दुसऱ्या बाजूला — आणि मी माझी संध्याकाळ धरून ठेवली.

सासूनं गावदेवीला कौल लावला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, देवीच्या अंगाला पाकळ्या लावल्या, पाकळी डावीकडे पडली, म्हणजे कौल उलटा. काहीतरी राहून गेलंय म्हणाले, कुणाचंतरी देणं-मागणं. मी तिथे होते, प्रसादाचा नारळ फोडायला मदत करत होते. सुगंधानं तिथेच नवस बोलला, घरात पाळणा हलेपर्यंत मासे खाणार नाही. आता तुम्ही कोकणातले असाल तर कळेल मी काय म्हणतेय ते. मासळीवाली दारात आली की जिचा जीव थाऱ्यावर नसायचा, ती ही पोरगी. तिनं सोडले. एक वर्ष, दोन वर्षं, पाच — पण माझ्यासाठी आणायची! "तू कशाला माझ्यापायी आळणी खातेस बाय?" बांगड्याचं तिखलं करून वाटी कुंपणावरून द्यायची. चव मीठ-तिखटाची न बघता करायची, अंदाजानं, आणि विचारायची, बरोबर झालंय का?

मी खात होते. दहा वर्षं खाल्लं. चांगलं व्हायचं हो.

मी निवृत्त झाले आणि रत्नागिरीत ही खोली घेतली. दुसऱ्या मजल्यावर, खाली स्टेशनरीचं दुकान. दर आठवड्याला तिचा फोन. आणि मग एका दिवशी फोनवर म्हणाली, पोटात डाव्या अंगाला दुखतंय, ताप येतोय, अंग झडत चाललंय. मी म्हटलं, उद्याच्या एसटीनं ये. आली. ह्याच पलंगावर मी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि हाताला गोळा लागला. लाकडासारखा टणक. मला पहिलं काय आठवलं असेल सांगा? खोटं कशाला बोलू — तो ट्रेच आठवला.

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. दत्ताराम मुंबईहून धावत आला. डॉक्टर म्हणाले, आतड्याला आणि गर्भाशयाला धरून मोठी गाठ आहे, लक्षण कॅन्सरचंच दिसतंय, उघडून जेवढं काढता येईल तेवढं काढू. दत्ताराम रक्ताच्या बाटलीची व्यवस्था करायला गेला होता. मी बाहेर बाकावर. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. मी नर्स आहे हे त्यांना माहीत होतं. "सिस्टर, ह्यात तांबी दिसतेय. किती वर्षांची आहे, काही कल्पना?"

अठरा वर्षांची. तारीखसुद्धा पाठ होती मला.

मी म्हटलं, "नाही हो, कल्पना नाही."

ते घाईत होते. बरं म्हणाले आणि आत गेले. चार तास मी त्या बाकावर बसून होते, आणि बाजूला दत्ताराम. त्यानं मला चहा आणून दिला.

कॅन्सर नव्हता. पोट उघडल्यावर त्यांना गाठीत पू दिसला, आणि पुवात रव्यासारखे पिवळे कण. तपासायला पाठवलं. आठवड्यानं रिपोर्ट आला — अ‍ॅक्टिनोमायकोसिस. एवढं मोठं नाव, मला पुस्तकातलं पुसट आठवत होतं. डॉक्टरांनी खाटेशी उभं राहून दोघा नवराबायकोंना समजावलं. हा जंतू आपल्या सगळ्यांच्या अंगात असतो, तोंडात, आतड्यात, गुपचूप राहतो. पण एखादी तांबी वर्षानुवर्षं आत राहिली तर त्याला घर मिळतं, आणि मग तो अशी गाठ करतो की कॅन्सरच वाटावा. क्वचित होतं. आता सहा महिने पेनिसिलिनची औषधं, पूर्ण बरं वाटेल. मग म्हणाले, तांबी इतकी जुनी आहे हे आधी कळलं असतं तर हा विचार डोक्यात आला असता. कदाचित औषधावरच गाठ उतरली असती, एवढं काढावं लागलं नसतं. काढलं होतं काय? गर्भाशय, एक अंडाशय आणि वीतभर आतडं. ते हे बोलताना माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांना काय ठाऊक!

ते गेले. खोलीत आम्ही तिघं.

दत्ताराम भांडखोर माणूस नव्हता. आईनं कितीदा सुचवलं दुसरं लग्न कर म्हणून, त्यानं ऐकून घेतलं नाही. तो हळू आवाजात बोलला, म्हणून जास्त लागलं. "सुगंधा, तांबी व्हती पोटात? इतकी वर्षं? आणि मी इकडे नवस बोलतोय, लोकांची बोलणी खातोय..."

ती उठायला बघत होती, टाके ताजे. "नाय हो. काढलेली ती. बायनी माझ्यासमोर काढलीन, मला दाखवलीन पण. माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. विचारा ना तिला. बाय, सांग गो ह्यांना."

आता कळलं ना तुम्हाला? मघाशी थांबा का म्हटलं ते?

दोघं माझ्याकडे बघत होते. दत्तारामनं विचारलं, "सिस्टर, तुम्ही काढली व्हती ना?"

मी बघितलं, सुगंधाचा चेहरा निवळला होता. तिला वाटलं, आता बाय बोलेल आणि सगळं सरळ होईल.

मी म्हटलं, "हो. काढली होती."

बस. एवढंच. दोन वाक्यं. मी असं म्हणाले नाही की तिनं चोरून दुसरी बसवली असेल. ते म्हणायची गरजच नव्हती. मी काढली, आणि तरी पोटात सापडली, तर मग हिनं कधीतरी, कुठेतरी, नवऱ्याला अंधारात ठेवून — हे त्यानं स्वतःच जुळवलं. मी त्याला जुळवू दिलं. माझ्या डोळ्यांदेखत. मी समोरच्या थर्मासचं झाकण घट्ट करत बसले.

तो उठला, बाहेर गेला. संध्याकाळपर्यंत आला नाही.

सुगंधा माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. रागानं बघितली असती तर मला सोसवलं असतं. ती विचार करत होती, मागचं एकेक आठवत होती, हे मला दिसत होतं. मग तिनं मान भिंतीकडे वळवली. तिनं माझं नाव घेऊन आरडाओरडा केला नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही. का नाही केला, हे मी तिला विचारू शकत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी दत्ताराम रिक्षा बघायला खाली गेला. मी औषधांची पिशवी भरत होते — सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी, चिठ्ठ्या लावून. ती खाटेच्या काठावर बसलेली, पदर घट्ट लपेटून. खाली बघतच म्हणाली,

"ती कुनाची व्हती?"

बाय नाही म्हणाली. नुसतं, ती कुनाची व्हती.

मी पिशवीची गाठ मारली आणि म्हटलं, जेवणानंतर घ्यायच्या गोळ्या, विसरू नकोस.

त्याला आता दोन वर्षं होत आली. गोळ्यांनी ती बरी झाली, असं गावच्या आशाताईकडून कळलं. दत्तारामनं पमीला मुंबईला नेलं, नोकरीला लावलं. गणपतीला तो येतो, आरतीला उभा राहतो, दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत. बायकोशी कामापुरतं बोलतो. गावात कुजबूज आहेच, सासूनं ती सगळीकडे पोचवलीय — हिला पोर नकोच होतं, नवस-बिवस सगळं सोंग. सुगंधा उत्तर देत नाही म्हणे. पाणी भरते, गुरांचं करते. मासे अजून खात नाही. मला तिचा फोन येत नाही. मी लावला होता एकदा. तिनं उचलला, मागून कोंबड्यांचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मी आता माझ्यापुरतं कालवण करते. बांगडा आणते एखादा. गिळतेच की.

तिनं विचारलेल्याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. ती शेवंतीची होती, वरच्या वाडीतल्या. तिची त्याच दिवशी काढलेली, तिलाही आणखी एक पोर हवं होतं. पुढच्या गणपतीच्या आत तिला मुलगा झाला. बारशाला सुगंधा सगळ्यांच्या आधी जाऊन पोचली होती, तांदूळ-नारळ घेऊन, नवी साडी नेसून. कुणीतरी म्हणालं, सुगंधा, तुझा गळा चांगला, तू म्हण पाळणा. ती दोरी हातात घेऊन म्हणत होती, आणि मी तिच्या शेजारी बसून पेढा खात होते.